कापसाला हमी, तागाला हमी. लोकरीनें काय घोडें मारलें?

केंद्र सरकार दर सालीं २२ पिकांना किमान आधारभूत भाव, म्हणजे आपल्या बोलींत हमीभाव, ठरवून देतें. भात, गहूं, जोंधळा, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग हीं खाण्याचीं पिकें त्यांत आहेत. पण तेवढींच नाहींत. त्यांत कापूस आहे, त्यांत तागही आहे. कापूस आणि ताग कोणी ताटांत वाढून घेत नाहीं. ते धागे आहेत. माणसाचें अंग झांकावें, धान्याचें पोतें शिवावें, एवढ्यासाठीं त्यांचें मोल. उसाला तर निराळा रास्त व किफायतशीर भाव आहे. मग आमचा सवाल साधा आहे. लोकर हाही धागाच आहे. तिनेंही माणसाचें अंग झांकलें जातें. ती काढणाराही उन्हापावसांत राबणारा कष्टकरीच आहे. मग या यादींत लोकर कां नाहीं ? हा सवाल आम्ही कोणाच्या मेहेरबानीसाठीं करीत नसून हिशेब मागण्यासाठीं करीत आहों.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणतील, “मास्तर, हा धनगरांचा प्रश्न. आम्ही कुणबी, माळी, सुतार, लोहार. आम्हांला त्यांत काय?” बाबांनो, जरा थांबा. दिवाळी सरली कीं माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोलें या दुष्काळी मुलुखांतून मेंढरांचे वाडे पाण्याच्या मुलुखाकडे निघतात. कोणी कोंकणाची वाट धरतो, कोणी भोर-मावळाची, कोणी नदीकांठची. वाटेंत तुमच्याच शेतांत ते बसतात. रात्रभर मेंढरें बसलेली जमीन कशी पिकते आणि गोणींतल्या खताची जमीन कशी पिकते, हें आमच्यापेक्षां तुम्हीच जास्त जाणतां. लोकर निघाली कीं ती पिंजणारे हात लागतात, सूत काढणारी म्हातारी लागते, मागावर बसणारा सनगर लागतो. माग करून देणारा सुतार लागतो, कातऱ्यांना धार लावणारा लोहार लागतो. सुताला चिंचोक्याची खळ लागते, म्हणजे बांधावरच्या चिंचेलाही दाम येतो. एका मेंढीच्या पाठीवर अर्धें गांव उभें होतें. ती पाठ ओस पडली तर पडझड एकट्या धनगराची होत नाहीं.

आम्ही पडलों शाळामास्तर, म्हणून गोष्ट फळ्यावर मांडतों. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षांतून दोनदां होते. एका खेपेस एका मेंढीची लोकर पाव ते अर्धा किलो निघते. १०० मेंढ्यांचा कळप धरा आणि मेंढीमागें ४०० ग्रॅम लोकर धरा. ४० किलो झाली. व्यापारी किलोला १० रुपये देतो असें समजूं; हातीं आले ४०० रुपये. कातरणाऱ्याची मजुरी मेंढीमागें १५ रुपये समजूं. द्यावे लागले १,५०० रुपये. एका कातरणीला १,१०० रुपयांची खोट ! आणि घरच्या बायकापोरांनीं मेंढ्या धरल्या, आणल्या, सोडल्या, त्यांची मजुरी शून्य. दर गांवोगांव कमीजास्त असतील; हे आंकडे केवळ उदाहरणापुरते घ्यावेत. पण आपापल्या वाड्यावरचे खरे आंकडे घालून हेंच गणित पुन्हां करा आणि काय उरतें तें पाहा.

कोणी म्हणेल, मग कातरूं नये. तेंही जमत नाहीं. लोकर वाढून राहिली तर उन्हाळ्यांत जनावर तापतें, तींत गोचिडी घर करतात, कांटेकुसळें अडकून कातडें सडतें. म्हणून मेंढपाळ पदरचे पैसे घालून कातरतो आणि गिऱ्हाईक मिळालें नाहीं म्हणजे कातरलेली लोकर ओढ्याकांठीं टाकून पुढें चालूं लागतो. जगांत दुसरा असा कोणता धंदा आहे, कीं जेथें माल काढण्यासाठीं धनी पैसे मोजतो आणि निघालेला माल उकिरड्यावर जातो ?

ही लोकर आरंभापासूनच कवडीमोल होती असें नाहीं. आपल्या बापजाद्यांच्या घरांत घोंगडें नव्हतें असें एक तरी घर दाखवा. तेंच अंथरूण, तेंच पांघरूण, तेंच पावसांतलें छत्र. नांगराच्या मागें चालणारा शेतकरी त्याची खोळ करून डोक्यावर घेई आणि दिवसभराची झड अंगावर काढी. कोंकराच्या पहिल्या लोकरीचें, म्हणजे जावळाचें, घोंगडें तर मऊपणासाठीं नांवाजलेलें. पट्टणकोडोलीच्या यात्रेंत भंडाऱ्याबरोबर, खारीक-खोबऱ्याबरोबर लोकर उधळण्याची चाल आहे. देवाच्या पालखीवर जी वस्तु मानानें जाते, तीच बाजारांत गेली कीं तिला कोणी विचारीत नाहीं. प्लास्टिकचा कागद आला, पानिपतला चिंध्यांच्या धाग्यापासून विणलेलीं स्वस्त ब्लँकेटें आलीं, आणि सनगराचा माग थंडावला. सनगर गेला म्हणून लोकरीचें गिऱ्हाईक गेलें. लोकर टाकून दिली जाऊं लागली म्हणून उरल्यासुरल्या सनगराला चांगलें सूत मिळेनासें झालें. दोघेही एकाच दोरीनें बांधलेले. एक खड्ड्यांत पडला तो दुसऱ्याला घेऊन पडला.

याचा परिणाम देशाच्या आंकड्यांत उघड दिसतो. २०१२ सालच्या पशुगणनेंत देशांत सुमारें ६ कोटी ५१ लाख मेंढ्या होत्या. २०१९ सालच्या गणनेंत त्या सुमारें ७ कोटी ४२ लाख झाल्या. त्यांपैकीं सुमारें २७ लाख आपल्या महाराष्ट्रांत आहेत. मेंढ्या वाढल्या, तर लोकरही वाढावयास हवी होती. पण २०१४-१५ सालीं देशांत जी सुमारें ४८१ लाख किलो लोकर निघाली, ती २०२२-२३ सालीं सुमारें ३३६ लाख किलोवर आली. मेंढी वाढते आणि लोकर घटते, याचा अर्थ काय ? अर्थ असा कीं मेंढपाळानें हिशेब ओळखला आहे. मटणाला भाव आहे, लोकरीला नाहीं. म्हणून तो थोराड अंगाची, विरळ लोकरीची माडग्याळ पाळतो, नेल्लोरकडचे बिनलोकरीचे नर आणून आपल्या कळपांत सोडतो. त्याला आम्ही दोष देत नाहीं. पोट कोणाला चुकलें आहे? पण दुष्काळ सोसणारी, कोसन् कोस चालणारी, खडकावरच्या काडीवर जगणारी आपली दख्खनी मेंढी अशानें मागें पडत आहे. ती घडण्यास शेंकडों वर्षें लागलीं. ती मोडण्यास दोन पिढ्या पुरतात. मोडल्यावर कोणता अधिकारी ती परत घडवून देणार आहे ?

असें विचारलें म्हणजे सरकारपक्षाकडून चार उत्तरें येतात. तीं एकामागून एक तपासूं.

पहिलें उत्तर : “योजना आहेतच कीं !” होय, आहेत. पुण्यास १९७८ सालापासून मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, आणि त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचें नांव आहे. २०१७ सालीं राजे यशवंतराव होळकरांच्या नांवानें महामेष योजना निघाली. तींत २० मेंढ्या आणि १ नर यांसाठीं ७५ टक्के अनुदान ठेवलें. ज्यांना तें मिळालें त्यांचें भलें झालें असेल; आम्ही त्याला नांव ठेवीत नाहीं. पण पाहा : मेंढी घेण्यास सरकार पैसे देतें, आणि त्याच मेंढीच्या पाठीवरचा माल विकण्याची वेळ आली कीं सरकार पाठ फिरवितें. विहीर खणून द्यावी आणि दोर देऊं नये, त्यांतली ही गत. राज्यांतल्या प्रत्येक कळपाची लोकर ठरल्या भावानें घेतलीच पाहिजे, अशी जबाबदारी आजवर कोणावरही टाकलेली नाहीं.

दिल्लीकडे पाहावें तर जोधपुरास १९८७ सालापासून केंद्रीय लोकर विकास मंडळ आहे. त्याच्या मार्फत एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमाला २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं १२६ कोटी रुपये मंजूर झाले. ऐकतांना आंकडा मोठा वाटतो. तो फळ्यावर घ्या. वर्षाला झाले सुमारें २५ कोटी. ते ७ कोटी ४२ लाख मेंढ्यांत वांटा. एका मेंढीला वर्षाकांठीं साडेतीन रुपये सुद्धां येत नाहींत. आणि त्यांतच लडाखची पश्मिना, त्यांतच यंत्रें, त्यांतच प्रशिक्षण. लोकरविक्रीसाठीं फिरत्या निधीची तरतूद त्यांत आहे, हें खरें. पण “या भावाच्या खालीं तुझी लोकर जाऊं देणार नाहीं” असा शब्द त्यांत कोठेंही नाहीं. आणि आम्हांला शब्द तोच हवा आहे.

दुसरें उत्तर : “तुमची लोकर जाडीभरडी. गिरण्यांना ती चालत नाहीं. मागणीच नाहीं तेथें सरकार काय करणार ?” वाहवा ! ताग काय रेशमासारखा मऊ आहे ? प्लास्टिकच्या पोत्यांनीं तागालाही असेंच बाजारांतून हुसकावून लावलें असतें. मग सरकारनें काय केलें ? १९८७ सालीं कायदा केला कीं अमुक माल तागाच्याच पोत्यांत भरला पाहिजे. त्या कायद्याखालीं अलीकडच्या वर्षांतही सगळें अन्नधान्य आणि साखरेचा पांचवा हिस्सा तागाच्या पोत्यांसाठीं राखून ठेवलेला आहे. म्हणजे मागणी आभाळांतून पडली नाहीं. सरकारनें ती कायद्यानें उभी केली. त्याचा लाभ बंगालच्या ताग पिकविणाऱ्या शेतकऱ्याला झाला, गिरणीतल्या मजुराला झाला. त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. तोही आमच्यासारखाच कष्टकरी. आमचें म्हणणें एवढेंच, कीं जी युक्ति तागाला लागू पडते ती लोकरीला कां लागू पडूं नये ? आश्रमशाळा, वसतिगृहें, सरकारी दवाखाने, तुरुंग, पूर आणि भूकंप यांत वांटावयाचीं पांघरुणें, हीं सगळीं सरकारच विकत घेतें ना ? त्यांतला एक ठरलेला हिस्सा देशी लोकरीचा आणि हातमागावर विणलेला असावा, असें फर्मान काढण्यास कोणाची आडकाठी आहे ?

आणि मागणीच नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं बंदरावर जाऊन यावें. सुटाबुटासाठीं लागणारी बारीक लोकर ऑस्ट्रेलियाहून येते, ही गोष्ट निराळी. तेवढी बारीक लोकर आपली मेंढी देत नाहीं. पण गालिच्यांसाठीं लागणारी जाडी लोकरही न्यूझीलंडसारख्या देशांतून येते. ऑस्ट्रेलियाशीं झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलांत आला आणि त्या देशाच्या लोकरीवरचा आयात कर उठला. परदेशच्या मेंढपाळासाठीं दरवाजा उघडतांना कागद तयार होतो, सही होते, तारीखही ठरते. घरच्या मेंढपाळासाठीं मात्र “विचार चालूं आहे” !

तिसरें उत्तर : “हमीभाव पिकाला असतो. जनावराच्या अंगावरच्या मालाला कसा देणार ?” हें उत्तर ऐकलें कीं आम्हांला हंसूं येतें. २०१३-१४ सालापासून केंद्र सरकारनें गौण वनोपजाला किमान भाव देण्याची योजना सुरू केली. त्या यादींत मध आहे, त्या यादींत लाख आहे. मध माशी करते. लाख एक किडा करतो. आदिवासी बांधवांना हा आधार मिळाला तो योग्यच झालें. पण माशीच्या आणि किड्याच्या मालाला भाव ठरवितां येतो, आणि मेंढीच्या मालाला ठरवितां येत नाहीं, हें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे, तें आम्हांला दाखवावें. आम्ही तें पोरांना शिकवूं.

चौथें उत्तर जरा वजनाचें आहे, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. जाणते लोक म्हणतात : “असा प्रयोग ऑस्ट्रेलियानें केला आणि तो बुडाला.” खरी गोष्ट आहे. त्या देशानें १९७० नंतरच्या दशकांत लोकरीला राखीव भाव ठरविला; बाजार त्याच्या खालीं गेला कीं महामंडळानें लोकर घेऊन कोठारांत ठेवावी, अशी रीत. पुढें लोभ सुटला. १९८८ सालीं हा भाव किलोला ८७० सेंटपर्यंत चढविला. एवढ्या भावानें कोण घेणार ? गिऱ्हाइकें हटलीं, मेंढपाळांनीं मात्र मेंढ्या वाढविल्या. कोठारें भरलीं. १९९० सालीं भाव ७०० सेंटवर आणला, तरी निभेना. फेब्रुवारी १९९१ मध्यें योजना बंद पडली, तेव्हां ४७ लाख गांठी शिलकीस होत्या, आणि त्या विकून संपण्यास २००१ साल उजाडलें. मध्यंतरीं मेंढ्यांना गोळ्या घालून खड्ड्यांत पुरण्याची वेळ आली.

यावरून धडा कोणता घ्यावा ? हमीच देऊं नये, हा ? मुळींच नाहीं. घर बांधतांना एकाची भिंत कोसळली म्हणून बाकीच्यांनीं झाडाखालीं राहावें काय ? धडा असा, कीं भाव खर्चाच्या आधारानें ठरवावा, पुढाऱ्यांच्या टाळ्यांच्या आधारानें नव्हे. आणि घेतलेली लोकर कोठारांत कुजवूं नये, ती विणावयास लावावी. ऑस्ट्रेलिया जगाच्या बाजाराला लोकर पुरविणारा देश. आपण घरच्याच गरजेपुरती मागतों आहों. दोन्हींची तुलना करतांना एवढा फरक ध्यानांत ठेवावा.

अमेरिकेचें उदाहरणही पाहा. व्यापारस्वातंत्र्याचीं प्रवचनें करणाऱ्या या देशानें १९५४ सालीं लोकरीसाठीं खास कायदा केला. परदेशी लोकरीवर जो आयात कर जमा होई, त्याच्या ७० टक्क्यांच्या मर्यादेंत आपल्या मेंढपाळांना भावांतला फरक भरून दिला. म्हणजे बाहेरच्या लोकरीनें घरच्या लोकरीला पोसावें, अशी तजवीज. तिच्यांतही एक खोट होती. ज्याची लोकर जास्त आणि ज्याला बाजारांत भाव जास्त, त्याच्या पदरांत अनुदानही जास्त पडे. मोठ्या कळपवाल्यांचें फावलें, ओरड झाली, आणि १९९३ सालीं कायदा रद्द करण्याचें ठरून १९९५ अखेर तें देणें थांबलें. पण तेवढ्यावर गोष्ट संपली नाहीं. २००२ सालच्या शेती कायद्यानें लोकरीला तारणकर्जाचा आधार पुन्हां दिला. सारांश, श्रीमंत देशसुद्धां चुकतात, सुधारतात, आणि पुन्हां आपल्या मेंढपाळाला धरतात. आपल्याकडे चुकण्याइतकेंही कोणी कधीं केलें नाहीं.

तर मग खरें कारण कोणतें ? तें कागदावर कोणी लिहीत नाहीं, आम्ही लिहितों. उसाला कारखाना आहे, कारखान्याला अध्यक्ष आहे, अध्यक्षाच्या हातीं मतें आहेत. ऊस एका जागीं उभा असतो. त्याचा धनीही एका जागीं सांपडतो. मेंढपाळ एका जागीं सांपडत नाहीं. २०२४ सालची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. दिवाळी होऊन गेलेली, वाडे वाटेला लागलेले. ज्याचें नांव माणच्या यादींत, तो त्या दिवशीं आपल्या मेंढरांमागें कोठें होता, याची चौकशी कोणी केली ? जो मतपेटीपाशीं दिसत नाहीं, तो अंदाजपत्रकांत कोठून दिसणार ? आम्ही शाळेंत हजेरी घेतों तेव्हां दिवाळीनंतर कांहीं नांवांपुढें गैरहजेरीची खूण महिनोन् महिने चालते. तीं पोरें कोंकरें संभाळीत फिरतात. त्यांना शाळेचा कंटाळा नाहीं. घरीं एक गडी ठेवण्याइतकें उत्पन्न नाहीं. लोकरीचे दोन पैसे सुटले असते तर कदाचित् त्यांतलें एखादें पोर मामाच्या घरीं राहून शिकतें.

आणि आपल्या समाजांतले पुढारी ? जयंती आली कीं पिवळे फेटे, कपाळभर भंडारा, ढोल आणि भाषणें. ढोल वाजावा, तो आमच्या काळजांतला आहे. पण व्यासपीठावर भेट म्हणून मिळालेलें घोंगडें खांद्यावर घेऊन छायाचित्र काढणाऱ्या किती जणांनीं विधिमंडळांत उभें राहून विचारलें, कीं या घोंगड्याच्या लोकरीला किलोला काय मिळालें ? घोंगडें मिरवावयाचें आणि घोंगडें विणणाऱ्याला विसरावयाचें, हा धंदा आतां पुरे झाला.

आतां आमची मागणी. ती मोघम नाहीं. मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतें.

एक : दख्खनी लोकरीला किमान भाव जाहीर व्हावा. त्यांत कातरणीची मजुरी, घरच्या माणसांची मजुरी आणि वर थोडी तरी शिल्लक धरावी. जावळ, काळी, पांढरी, मिश्र अशा प्रती पाडून भाव ठरवावा, म्हणजे स्वच्छ कातरणी करणाराला चार पैसे जास्त मिळतील.

दोन : जेथें वाडा, तेथें कांटा. मेंढपाळानें लोकरीचीं ओझीं घेऊन तालुक्याला यावें, असें म्हणणें म्हणजे न देण्याचीच युक्ति. कातरणीच्या हंगामांत वजनकांटा घेऊन माणूस वाड्यावर आला पाहिजे. हिमाचल प्रदेशांत लोकर महासंघ आहे; तो डोंगरांत फिरणाऱ्या गद्दी मेंढपाळांची लोकर विकत घेतो. हिमालयांत जें जमतें तें माणदेशांत कां जमूं नये ?

तीन : हमी घरटी असावी आणि तिला वजनाची मर्यादा असावी. नाहींतर व्यापारी दहा वाड्यांची लोकर मातीमोलानें उचलून स्वतःच्या नांवावर हमीभाव घेईल, आणि अमेरिकेंत झालें तेंच येथें होईल.

चार : घेतलेली लोकर सनगरांच्या आणि खुटेकरांच्या मागांकडे जावी, आणि सरकारी पांघरुणांचा ठरीव हिस्सा त्यांच्याकडून घेतला जावा. विणण्याजोगी नसेल ती लोकरही टाकाऊ नव्हे. तिचा जाड नमदा होतो, आणि तोही न झाला तर तींत नत्र आहे, म्हणून ती कुजवून शेताला घालतां येते.

पांच : पैसा कोठून आणावा, असें विचारतील. ज्या परदेशी लोकरीवर अजून कर आहे, त्या कराचा हिस्सा यासाठीं राखून ठेवावा. दिल्लीची यादी बदलण्यास वेळ लागेल, तोंवर मुंबईनें आपल्या खजिन्यांतून सुरुवात करावी. २७ लाख मेंढ्यांची लोकर म्हणजे कांहीं डोंगर नव्हे.

कोणी म्हणेल, हमीभाव ज्यांना आहे त्यांना तरी तो कोठें मिळतो ? बरोबर आहे. कापूसवाल्यांनीं खरेदी केंद्रापुढें गाड्या लावून रात्री काढल्या आहेत. तूरवाल्यांचे अनुभव निराळे नाहींत. पण त्यांच्या हातांत निदान एक जाहीर झालेला आंकडा असतो. त्या आंकड्यावर बोट ठेवून ते भांडूं शकतात. ज्याच्या मालाचा आंकडाच कोणी लिहिलेला नाहीं, त्यानें बोट ठेवावें तरी कशावर ? आम्ही आज तो आंकडा मागतों आहों. भांडणें पुढें आहेतच.

वाचकहो, हें घोंगडें फार वर्षें भिजत पडलें आहे. तें उचलून पिळण्याचें काम दुसरा कोणी येऊन करणार नाहीं. ग्रामसभा १ मेला भरते, १५ ऑगस्टला भरते, २ ऑक्टोबरला भरते, २६ जानेवारीला भरते. यांतल्या मधल्या दोन सभांच्या वेळीं बरेच वाडे मुलुखांत असतात. त्या दिवशीं धनगरानें एकट्यानें उठूं नये. त्याच्या शेजारीं ज्याच्या शेतांत मेंढरें बसतात तो कुणबी उठावा, सनगर उठावा, सुतार-लोहार उठावा. ठराव दोन ओळींचा पुरे : “आमच्या गांवांतील मेंढ्या इतक्या, वर्षाची लोकर इतकी, कातरणीचा खर्च इतका, मिळालेला भाव इतका, सबब लोकरीला किमान भाव बांधून द्यावा.” एका गांवाचा ठराव कचेरींत फायलीखालीं जाईल, शंभर गांवांचे ठराव फायलीखालीं मावत नाहींत. आणि आंकडे खरे लिहा. खोटा आंकडा एक सांपडला तर खरे नव्याण्णव फुकट जातात.

ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं संकोच करूं नये. गांवोगांवच्या शाळांत आमच्यासारखे मास्तर आहेत. शाळा सुटल्यावर या, वाड्यावरचा हिशेब तोंडी सांगा. कागद आमचा, लेखणी आमची. अंगठा मात्र तुमचा पाहिजे.